तारीख चुकते कशी, चूक सापडते कशी?

०३/०४/२०१० ही तारीख वाचा. तुम्ही म्हणाल, ३ एप्रिल २०१०. अमेरिकेतील विद्यार्थी मात्र ती ४ मार्च २०१० अशी वाचील. आपापल्या पद्धतीने दोघांचेही बरोबर आहे. उणीव आहे ती लिहिण्यात; कारण दिवस कोणता आणि महिना कोणता, हे तेथे सांगितलेलेच नाही.

आता समजा, एका शाळेचे जनरल रजिस्टर जुन्या डेटाबेसमधून नव्या डेटाबेसमध्ये न्यायचे आहे. डेटाबेस म्हणजे रकाने आखून संगणकात ठेवलेली मोठी वहीच होय. या स्थलांतरात गुणांचे आकडे सहसा सुखरूप पोहोचतात. जन्मतारखा मात्र वाटेत बदलू शकतात. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर हीच तारीख उतरते आणि तिच्यावरूनच परीक्षेची व नोकरीची वयोमर्यादा मोजली जाते. तेव्हा एका दिवसाचा फरकही क्षुल्लक नव्हे.

तारीख हेही मापनच

प्रयोगवहीत तापमान नुसते ‘४०’ लिहिले, तर शिक्षक विचारतात, “४० काय? सेल्सिअस की फॅरेनहाइट?” कारण संख्येबरोबर एकक हवे आणि शून्य कोठे धरला तेही कळायला हवे. संगणकही पुष्कळदा तारीख ही एक संख्या म्हणूनच साठवतो. ठरावीक शून्यापासून किती दिवस किंवा किती सेकंद लोटले, एवढेच तो मोजतो. देणाऱ्याचा शून्य एक आणि घेणाऱ्याचा दुसरा असला, की सगळी वाचने सारख्याच अंतराने सरकतात. व्हर्निअर कॅलिपरची शून्य त्रुटी तुम्हांला ठाऊक आहे. हा तिचाच प्रकार.

यातूनच शोधाची किल्ली हाती येते. अशा चुका वाटेल तशा होत नाहीत. प्रत्येक चुकीला ठरलेले रूप असते आणि त्या रूपावरून कारण ओळखता येते.

चुकांची पाच रूपे

१. दिवस-महिन्याची अदलाबदल : २५/०४ ही तारीख उलट वाचली, तर पंचविसावा महिना नसल्यामुळे संगणक ती नाकारतो. ०३/०४ मात्र तो निमूटपणे स्वीकारतो. वर्षाच्या ३६५ तारखांपैकी १२ × १२ = १४४ तारखांत दिवसाचा आकडा १२ किंवा त्याहून कमी असतो. त्यांतल्या १/१, २/२ यांसारख्या १२ तारखा उलट वाचूनही तशाच राहतात. म्हणजे २२१ तारखा ओरडून चूक सांगतात, तर १३२ तारखा गुपचूप बदलतात. खरा धोका या १३२ तारखांचा आहे.

२. एक दिवस अलीकडे : भारतीय प्रमाणवेळ जागतिक समन्वित वेळेच्या साडेपाच तास पुढे आहे. १५ जून ही तारीख ‘१५ जून, रात्रीचे ०० वाजून ०० मिनिटे’ अशी साठवली आणि नव्या डेटाबेसने ती जागतिक वेळेत बदलली, तर ती १४ जून, १८ वाजून ३० मिनिटे अशी होते. पुढे वेळ गाळून तारीखच ठेवली, की वाढदिवस एक दिवस आधी येतो!

३. १४६२ दिवसांचा फरक : एक्सेलमध्ये दिवस मोजण्याच्या दोन पद्धती आहेत. एकीत १ जानेवारी १९०० हा दिवस क्रमांक १, तर मॅकिंटॉश संगणकांवर रूढ झालेल्या दुसरीत १ जानेवारी १९०४ हा दिवस क्रमांक ० धरतात. या दोन तारखांमध्ये १४६० दिवस आहेत. एकीची मोजणी १ पासून आणि दुसरीची ० पासून, म्हणून आणखी एक दिवस. उरलेला एक दिवस गमतीचा आहे. १९०० हे लीप वर्ष नव्हते. कारण शतकवर्षाला ४०० ने भाग जावा लागतो. पण लोटस १-२-३ या जुन्या प्रणालीत ते लीप धरले होते आणि तिच्याशी मेळ राहावा म्हणून एक्सेलनेही तसेच धरले. कधीही न उगवलेला २९ फेब्रुवारी १९०० असा त्या मोजणीत शिरला!

४. जानेवारी १९७० : युनिक्स पद्धतीत १ जानेवारी १९७० च्या आरंभापासून सेकंद मोजतात. रिकाम्या रकान्यात ० भरला गेला, की हीच तारीख दिसते. १,७०,००,००,००० सेकंद म्हणजे नोव्हेंबर २०२३. तीच संख्या मिलिसेकंद समजून वाचली, तर १९७० च्या जानेवारीची २० तारीख येते. शून्य बरोबर, पण एकक चुकले.

५. शंभर वर्षांची उडी : साल दोनच अंकांत असेल, तर शतक संगणकाला ठरवावे लागते. मायएसक्यूएल ०० ते ६९ हे आकडे २००० ते २०६९ असे समजतो. मग ’६२ साली जन्मलेल्या आजोबांचा जन्म २०६२ मध्ये होतो.

शोध कसा घ्यावा?

प्रथम मूळ रकाना जसाच्या तसा, मजकूर म्हणून जपून ठेवावा. मग काही नोंदी मुद्दाम निवडाव्यात : ३१ डिसेंबर, २९ फेब्रुवारी, ०३/०४ सारखी संदिग्ध तारीख, १९७० पूर्वीची एक तारीख आणि एक रिकामी जागा. रिकामी जागा विसरू नये. मायएसक्यूएलमध्ये ‘००००-००-००’ अशी तारीख साठवता येते, पोस्टग्रेसक्यूएल ती नाकारतो. स्थलांतरानंतर जुन्या व नव्या तारखांची वजाबाकी करावी. फरक सर्वत्र सारखा असेल तर शून्य किंवा प्रमाणवेळ तपासावी. काही तारखांतच असेल तर दिवस-महिन्याचा क्रम तपासावा. एकेक नोंद हाताने दुरुस्त करीत बसू नये. कारण दूर करून सगळी माहिती मूळ रकान्यातून पुन्हा न्यावी.

चूक होऊच नये म्हणून १९८८ साली आयएसओ ८६०१ हे आंतरराष्ट्रीय मानक आले. त्यात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस : २०१०-०४-०३. वेळ असल्यास तिच्यापुढे +०५:३० असा प्रमाणवेळेतील फरकही लिहिता येतो. या क्रमाचा आणखी एक लाभ असा, की साध्या अक्षरक्रमाने लावल्या तरी तारखा आपोआप कालक्रमाने लागतात.

करून पाहा

(१) १५ ऑगस्ट २०२० ऐवजी १४ ऑगस्ट २०१६ आले. कोणते कारण असावे? दिवस मोजून खात्री करा.
(२) २६ जानेवारीच्या जागी २५ जानेवारी आले. दिवस-महिन्याची अदलाबदल हे कारण का असू शकत नाही?
(३) वर्गातील सर्वांच्या जन्मतारखा लिहा. दिवस व महिना उलटल्यास किती तारखा नाकारल्या जातील आणि किती गुपचूप बदलतील, ते मोजा.