घोड्यांच्या सांध्यांसाठी पूरक खाद्य : निवडीपूर्वीचा विचार

टांगे, अश्वारोही पोलीस दल आणि शर्यतीचे मैदान यांमुळे म्हैसूर शहरात घोडा आजही कामाचा प्राणी म्हणून टिकून आहे. दसऱ्याच्या काळात पर्यटकांची वर्दळ वाढली की टांग्याच्या घोड्याचे डांबरी रस्त्यावरील श्रमही वाढतात. घोडा लंगडू लागला, तर टांगेवाल्याची त्या दिवसाची कमाई थांबते. अशा वेळी ‘सांध्यांचे टॉनिक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या डब्याकडे त्याचे लक्ष वळणे स्वाभाविक आहे. महाराष्ट्रातील घोडेपालकांसमोरही हाच प्रश्न असतो. मात्र कोणता डबा घ्यावा हे ठरवण्याआधी दुखणे नेमके कशाचे आहे, हे ठरवणे आवश्यक आहे.

सांधा कसा झिजतो?

घोड्याच्या वजनाचा सुमारे ६० टक्के भार पुढील पायांवर असतो. हाडांच्या टोकांवरील कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात आणि मज्जातंतूही नसतात. तिचे पोषण सांध्यातील वंगणद्रवातून, हालचालीच्या दाबामुळे होते. म्हणून माफक हालचाल कूर्चेस हितकारक, तर कठीण रस्त्यावरील सततचा आघात अपायकारक ठरतो. कूर्चेला संवेदना नसल्याने वेदना दिसू लागेपर्यंत झीज बरीच पुढे गेलेली असते. पूर्ण झिजलेली कूर्चा कोणत्याही पूरकाने पूर्ववत होत नाही.

प्रत्येक लंगडणे सांध्याचे नसते

खुराची वाढ, सैल नाल किंवा चुकीच्या कोनात कापलेले खूर हे लंगडण्याचे नेहमीचे कारण आहे. साधारणतः दर सहा आठवड्यांनी नालबंदाकडून खूर तपासून घ्यावेत. दोन्ही पुढील खूर गरम लागणे आणि घोड्याने भार मागील पायांवर टाकून उभे राहणे ही खुरदाहाची लक्षणे असू शकतात. अशा वेळी विलंब न करता पशुवैद्यकास बोलवावे.

दुसरे, सहसा दुर्लक्षित राहणारे कारण आहारात असते. गव्हाच्या कोंड्यात कॅल्शियमच्या सुमारे आठ ते दहा पट स्फुरद असते. घोड्याच्या आहारात मात्र कॅल्शियम स्फुरदापेक्षा कमी असता कामा नये; दीड ते दोन पट असल्यास उत्तम. केवळ कोंड्यावर भर दिल्यास, किंवा ऑक्झलेटचे प्रमाण अधिक असलेले गवत सतत दिल्यास, शरीर हाडांतील कॅल्शियम काढून घेते. परिणामी कधी एक, तर कधी दुसरा पाय लंगडतो. पुढे चेहऱ्याची हाडेही फुगतात. अशा घोड्यास सांध्याचे महागडे पूरक निरुपयोगी ठरते. कोंडा कमी करून लसूणघास देणे आणि पशुवैद्यकाने ठरवलेल्या मात्रेत पशुखाद्य दर्जाची चुनखडी पूड देणे, हा त्यावरील स्वस्त व योग्य उपाय होय.

पूरकांविषयीचा पुरावा

सर्वाधिक विकला जाणारा घटक ग्लुकोसामाइन हा आहे. तोंडावाटे दिल्यास घोड्याच्या रक्तात त्याचा अल्प भागच पोहोचतो आणि सांध्यातील द्रवात त्याहूनही कमी. त्यामुळे त्याविषयीचा पुरावा दुर्बळ आहे. ॲव्होकॅडो व सोयाबीनच्या तेलांतून वेगळ्या काढलेल्या घटकांची चाचणी कोलोरॅडो राज्य विद्यापीठात झाली. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांनुसार कूर्चेची झीज कमी आढळली. लंगडणे मात्र कमी झाले नाही. मासळी किंवा शैवालाच्या तेलातील ओमेगा-३ मेदाम्ले दाह कमी करण्यास मदत करू शकतात. जवसातील ओमेगा-३ वेगळ्या प्रकारचे असून शरीरात त्याचे रूपांतर मर्यादित होते.

लेबल कसे वाचावे?

प्रथम रोजची मात्रा पाहावी. चाचण्यांत ग्लुकोसामाइन सामान्यतः दर किलो वजनामागे २० मिलिग्रॅम, म्हणजे ५०० किलोच्या घोड्यास १० ग्रॅम दिले गेले. ३०० किलोच्या टांग्याच्या घोड्यास हे प्रमाण ६ ग्रॅम होते. चमच्यातून दीड ग्रॅमच मिळत असेल, तर डबा स्वस्त असूनही पैसा वाया जातो. हायड्रोक्लोराइड स्वरूपात प्रत्यक्ष ग्लुकोसामाइन सुमारे ८३ टक्के असते, हेही हिशेबात धरावे. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका तपासणीत घोड्यांसाठीच्या २३ उत्पादनांपैकी ९ उत्पादनांत लेबलवर लिहिल्यापेक्षा कमी ग्लुकोसामाइन आढळले. घटकांचे वजन न लिहिता केवळ नावे देणारे उत्पादन टाळावे.

स्रोताच्या जाहिरातीस महत्त्व देऊ नये. ग्लुकोसामाइन बहुधा कोळंबी व खेकड्यांच्या कवचातील कायटिनपासून तयार करतात. कायटिन कीटकांच्या बाह्यकवचातही असते. म्हैसूर परिसरातील रेशीम उद्योगात सूत काढल्यावर उरणाऱ्या कोषस्थ किड्यांतही ते आढळते. स्रोत कोणताही असला तरी अंतिम रेणू एकच असतो.

शर्यतीच्या वा स्पर्धेच्या घोड्यास वनस्पतिजन्य मिश्रण देताना विशेष दक्षता घ्यावी. ‘डेव्हिल्स क्लॉ’ या मुळीतील हार्पागोसाइड आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघाच्या नियंत्रित द्रव्यांच्या यादीत आहे.

परिणाम कसा तपासावा?

खूर, वजन, काम आणि खनिजे यांची व्यवस्था लावल्यानंतरही पूरक द्यायचे असल्यास एका वेळी एकच द्यावे. सुरुवातीस घोडा दुडक्या चालीने सरळ रेषेत पळवून मोबाइलवर चित्रण करावे. त्याच जागी, त्याच नालांवर, ३० व ६० दिवसांनी पुन्हा चित्रण करून पशुवैद्यकास दाखवावे. ६० दिवसांत फरक दिसला नाही, तर पूरक थांबवून तो पैसा नालबंदी, विश्रांती आणि चांगल्या वैरणीवर खर्च करणे श्रेयस्कर. विस्तार कार्यकर्त्यांनी घोडेपालकास डब्याचे नाव सुचवण्याआधी त्याच्या घोड्याचे खूर आणि गव्हाणीतील कोंडा पाहावा.