चंद्रभागेच्या माहेरचे झरे

वारकरी सज्जनहो, पंढरीस पोहोचलो की आपण आधी चंद्रभागेत बुडी मारतो. हे पाणी आले कोठून, असे कीर्तनात विचारले की श्रोते एकमुखाने सांगतात, भीमाशंकराहून. उत्तर खरे, पण अर्धे. भोरच्या सह्याद्रीत उगम पावलेली नीरा वाटेत वेळवंडीला आणि वेल्ह्याकडच्या गुंजवणीला पोटात घेते व नरसिंहपुरास भीमेला मिळते. वेल्ह्याच्याच आंबी-मोसीचे पाणी मुठेवाटे भीमेस जाते. माउलींच्या पादुकांना वाटेत स्नान घडते ती नीरा हीच. म्हणजे भोर-वेल्ह्याचे डोंगर हे चंद्रभागेचे एक माहेरच होय.

या माहेरची अवस्था आम्ही डोळ्यांनी पाहिली. काही वर्षांमागे वैशाखात वेल्ह्याकडच्या एका वाडीत सप्ताहास गेलो होतो. खाली धरणाचे पाणी चमकत होते, आणि वर आयाबाया मध्यरात्री झऱ्यापाशी हंड्याची पाळी धरून बसल्या होत्या. त्याच झऱ्यावर आमच्या पंगतीची भांडी घासली गेली, खरकटे तेथेच वाहिले. सकाळी एक म्हातारी म्हणाली, "बुवा, पानी नासलं की आमचं." आम्हांस उत्तर सुचेना. आठ दिवस शुचित्व सांगणारे आम्हीच! हा लेख त्या ऋणापोटी आहे.

कोणी म्हणेल, जेथे धो-धो पाऊस, तेथे टंचाई कशी? तर ऐका. सह्याद्री थराथरांचा आहे. एक थर कठीण कातळाचा, दुसरा भेगाळ. माथ्यावर मुरलेले पाणी भेगांतून उतरते, खाली कठीण थर लागला की आडवे सरकते आणि उतारावर झरा होऊन बाहेर पडते. वणव्याने गवत जळाले, झाडे तुटली, की माती धुपते. पाणी मुरत नाही, पळते. ते धरणात साठते खरे, पण धरण खाली आणि वाडी वर!

उपाय क्रमाने असे. प्रथम, झऱ्याचे पाणी कोठे मुरते ते शोधावे. कधी ती जागा डोंगराच्या पलीकडच्या अंगासही असते, म्हणून भूजल जाणणाऱ्यास विचारावे. दुसरे, तेथे समपातळीचे चर, ओढ्यांत दगडांचे बांध आणि वणव्यास पूर्ण बंदी. फार तीव्र उतारावर मात्र चर खणू नयेत, दरडीचे भय असते. तिसरे, झरा बांधून घ्यावा. शौचालय, गोठा, उकिरडा त्याच्या वरच्या अंगास नसावा. धुणी-भांडी खाली, लांब. चौथे, पाणी तपासावे. तपासणीच्या बाटलीत ते भरून ठेवले आणि एक-दोन दिवसांत काळे पडले, तर मैल्याचा दोष समजावा. मग टीसीएल पावडर प्रमाणात घालावी, नाहीतर पाणी उकळून प्यावे. पूर्वजांनी देवाच्या नावाने देवराया राखल्या. अनेक ठिकाणी त्यांच्या सावलीत झरे टिकले आहेत. त्यांवर कुऱ्हाड नको.

आता वाटणीचा दृष्टांत. शेजारच्या पुरंदर तालुक्यात नायगावी, १९७२ च्या दुष्काळानंतर, विलासराव साळुंखे यांनी देवस्थानची सुमारे ४० एकर माळजमीन घेऊन पाणी अडविले आणि त्यातून पाणी पंचायत उभी राहिली. नियम असा की पाणी जमिनीच्या मापाने नव्हे, घरातील माणसांच्या संख्येने मिळावे, भूमिहीनासही वाटा, ऊस लावू नये. पंगतीत वाढपी पानाकडे पाहून वाढतो, सातबारा पाहून नव्हे. तोच हा न्याय.

'तीर्थ' शब्द 'तॄ' धातूपासून झाला. जे तारते ते तीर्थ. ज्या पाण्याने लेकराला जुलाब लागतात, ते तारील कसे? म्हणून सप्ताह करणाऱ्या मंडळींस आमची विनंती आहे. सप्ताहाआधी एक दिवस टाळ ठेवून टिकाव घ्यावा, झऱ्याच्या माथ्यावर चर खणावेत, आणि पंगतीची भांडी झऱ्यावर नेऊ नयेत. आम्ही तसा नेम धरला आहे. गेल्या खेपेस त्याच वाडीत गेलो, तेव्हा भांडी खालच्या ओघळीला गेली. म्हातारीने तांब्या पुढे केला. आम्ही तो आधी कपाळाला लावला, मग प्यालो.

रामकृष्णहरि.