आघातानंतर नाडी काय सांगते ?

एखादा मनुष्य मोठ्या अपघातांतून वांचतो. अंगावर ओरखडाहि नसतो. लोक म्हणतात, "थोडक्यांत निभावलें !" परंतु महिना उलटला तरी तो रात्रीं दचकून उठतो, तोच प्रसंग पुनःपुन्हां डोळ्यांपुढें पाहतो व त्या रस्त्यानें जाण्याचें टाळतो. या विकारास आघातोत्तर ताणविकार म्हणतात. अमेरिकेंतील मनोविकारतज्ज्ञांनीं १९८० सालीं हें नांव रूढ केलें. विकार मात्र जुनाच आहे. अमेरिकेच्या यादवी युद्धांतील (१८६१-६५) शिपायांची छाती हृदयांत उघड दोष नसतांहि धडधडत असे. त्याचें वर्णन डॉ. जेकब दा कॉस्टा यांनीं १८७१ सालीं प्रसिद्ध केलें.

छातीच कां धडधडावी ? संकट दिसतांच मेंदूंतील अमिग्डाला नांवाचा बदामाच्या आकाराचा भाग इशारा देतो. मूत्रपिंडांच्या माथ्यावरील ग्रंथींतून ॲड्रिनलिन रक्तांत उतरतें. नाडी जलद होते, श्वास वाढतो आणि पळण्यास किंवा झुंजण्यास बळ येतें. त्याच द्रव्याच्या योगें तो प्रसंग स्मृतींत खोल ठसतो. संकट टळल्यावर शरीरानें शांत व्हावें, हा नियम. परंतु कित्येकांचें शरीर लवकर शांत होत नाहीं.

जेरुसलेम येथील हडासा रुग्णालयांत डॉ. शालेव व त्यांचे सहकारी यांनीं आघातानंतर लगेच आलेल्या ८६ जणांची नाडी तपासली. चार महिन्यांनीं त्यांपैकीं २० जणांस हा विकार जडलेला आढळला. या २० जणांची आरंभींची नाडी मिनिटास सरासरी ९५.५, तर इतरांची ८३.३ होती. आठवड्यानंतरहि फरक दिसला. महिन्यानंतर मात्र तो उरला नाहीं. हे निष्कर्ष १९९८ सालीं प्रसिद्ध झाले. म्हणजे ही खूण आरंभींच दिसते व पुढें पुसली जाते.

तथापि एवढ्यावरून कोणाचें भविष्य वर्तवूं नये. वेदना, रक्तस्राव, ज्वर यांनींहि नाडी वाढते. जलद नाडीचे अनेक लोक पूर्ण बरे होतात. आणि पुढील सर्वच संशोधनांत हा संबंध इतका ठळक दिसला नाहीं. कॉर्टिसॉल या दुसऱ्या द्रव्याविषयींचे निष्कर्षहि परस्परांशीं जुळत नाहींत. नाडी ही सूचना आहे, निकाल नव्हे.

मग पालकांनीं काय करावें ? पहिल्या कांहीं आठवड्यांत झोप उडणें, दचकणें हें पुष्कळांस होतें व बहुतेकांचें आपोआप ओसरतें. मुलास जवळ बसवावें, नित्याचा क्रम सांभाळावा. तो बोलल्यास ऐकावें, परंतु घडलेलें सांगण्याची सक्ती करूं नये. महिन्यानंतरहि लक्षणें टिकलीं, तर डॉक्टरांस दाखवावें. शास्त्रशुद्ध मानसोपचारानें हा विकार पुष्कळांचा बरा होतो.

आणि विद्यार्थ्यांनो, असा सोबती वर्गांत दचकला तर हंसूं नका. तो भित्रा नव्हे. संकट टळल्याची वार्ता त्याच्या शरीरास अद्याप पोंचलेली नाहीं.