गाडी का तापते? बशीतला चहा, कुकर आणि रेडिएटर



'उष्णता' हा घटक शिकवताना आपण उकळतं पाणी आणि वाफ यापलीकडे फारसं जात नाही. मीही जात नव्हते. मे महिन्यात कसारा घाटात आमची जुनी गाडी तापली आणि हा पाठ मला रस्त्याच्या कडेला नव्याने शिकावा लागला.

आम्ही नाशिकला लग्नाला निघालो होतो. महामार्गावर गाडी छान चालत होती. घाटात ट्रकच्या मागे, एसी लावून, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये चढायला लागलो तसा तापमानाचा काटा वर सरकू लागला. थोड्या वेळाने बॉनेटखालून वाफ. गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं, चाकामागे दगड लावला. माझे दीर पाण्याची बाटली घेऊन उतरले. बॉनेट उघडून त्यांनी थेट रेडिएटरच्या झाकणाला हात घातला.

मी ओरडलेच, "भाऊजी, थांबा! कुकर आहे तो!"

हे मला सुचलं ते वर्गातल्या उदाहरणामुळे. कुकरमध्ये दाब वाढतो म्हणून पाणी १०० अंशांऐवजी साधारण १२० अंश सेल्सिअसला उकळतं. रेडिएटरचं झाकणही तसंच दाब धरून ठेवतं. त्यामुळे आतलं पाणी १०० अंशांच्या वर जाऊनही पाणीच राहतं. झाकण उघडलं की दाब एकदम जातो, पाण्याची क्षणात वाफ होते आणि ती उघडणाऱ्याच्या तोंडावर, हातावर येते. घरात कुकरची वाफ गेल्याशिवाय आपण झाकण काढत नाही. रस्त्यावर मात्र घाईत हे विसरतो. आम्ही पाऊण तास थांबलो. मग जाड फडकं ठेवून झाकण थोडंसंच फिरवलं, उरलेली हवा फुस्सकन गेली आणि मगच पूर्ण काढलं. पाणीसुद्धा हळूहळू ओतायचं. तापलेल्या इंजिनात एकदम गार पाणी गेलं तर धातूला तडा जाऊ शकतो.

आता मुलांना हे कसं सांगायचं? चहा गरम असला की आजोबा काय करतात? बशीत ओततात आणि फुंकर मारतात. झालं! पसरट बशी म्हणजे रेडिएटर, फुंकर म्हणजे पंखा. इंजिनाभोवती फिरून तापलेलं पाणी पंपाने रेडिएटरच्या बारीक नळ्यांत येतं, नळ्यांना लागलेल्या पातळ पत्र्यांवरून वारा जातो आणि गार झालेलं पाणी परत इंजिनाकडे. वर्गात एकाच भांड्यातलं कोमट पाणी थोडं पेल्यात, तेवढंच ताटात ओतून ठेवा. पाच मिनिटांनी मुलांनाच बोट लावून बघू दे.

बशी-फुंकरीचं हे गणित कळलं की दोषही शोधता येतो. आमची गाडी वेगात ठीक होती, हळू चालताना तापली. वेगात वारा समोरून आपोआप मिळतो, हळू चालताना सगळा भार पंख्यावर. म्हणजे संशय पंख्यावर! मेकॅनिकने एसी चालू करून पाहिला, तरी पंखा फिरेना. रिले जळाला होता. (इंजिन बंद असतानाही हा पंखा अचानक सुरू होऊ शकतो, मुलांना बोटं घालू देऊ नका.) उलट, गाडी मोकळ्या रस्त्यावर वेगात तापत असेल तर कूलंट कमी आहे का, रेडिएटर आतून चोंदला आहे का, हे आधी बघावं. इंजिन तापूनही वरचा होस पाइप गरम आणि खालचा गारच राहिला, तर थर्मोस्टॅट उघडत नसण्याची शक्यता मोठी. गळती कुठेच दिसत नाही, तरी पाणी कमी होतंय, सायलेन्सरमधून पांढरा धूर येतोय, ऑइल दुधाळ झालंय? मग हेड गॅस्केट गेलेलं असू शकतं. अशी गाडी पुढे रेटू नये, खर्च कितीतरी पटीने वाढतो.

आमची आणखी एक चूक निघाली. दोन वर्षं आम्ही बोअरचं पाणी भरत होतो. त्याचे क्षार आत साचले होते, आपल्या चहाच्या पातेल्याला बसतात तसेच. आता कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं भरतो. कूलंटमधलं ग्लायकॉल चवीला गोड पण विषारी असतं, म्हणून तो डबा मुलांच्या आणि कुत्र्या-मांजरांच्या हाती-तोंडी लागेल असा ठेवू नका. पाण्याच्या जुन्या बाटलीत तर अजिबात नको.

त्या दिवशी उरलेला घाट आम्ही एसी बंद, काचा खाली आणि हीटर पूर्ण चालू करून चढलो. मे महिन्यात हीटर! सासूबाई वैतागल्या होत्या. पण हीटर इंजिनाचीच उष्णता आत आणतो, म्हणजे तोही एक छोटा रेडिएटरच. काटा खाली आला.

शाळा सुरू झाल्यावर हा प्रसंग चौथीत सांगितला. एकाने विचारलं, "बाई, मग पप्पांच्या मोटारसायकलला रेडिएटर कुठंय?" मी म्हटलं, इंजिनाला बाहेरून पट्ट्या-पट्ट्या असतात त्या बघून या, पण गाडी गार असताना. दुसऱ्या दिवशी चौघंजण पट्ट्या मोजून आले होते आणि चौघांचे आकडे वेगळे होते.