गटाचा पहिला टॅब घेताना
ताईंनो, गटाच्या पैशातून टॅब घ्यायचा असेल तर आधी बैठकीत ठराव करा. पक्कं बिल गटाच्या नावावर घ्या. सिमवाला टॅब असेल तर बिलावर आयएमईआय नंबर आहे ना, बघा. हरवला तर तक्रारीला तो लागतो.

नुसतं बोट लावल्याने टॅब बिघडत नाही. दर बैठकीत वेगळ्या ताईने बचतीची नोंद करावी. एकीलाच जमलं, तर सगळा हिशोब तिच्याच हातात राहतो.

वही मात्र बंद करू नका. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर आपल्या किनाऱ्यावर कित्येक दिवस वीज नव्हती, आठवतं ना? टॅबवरची बेरीज वहीशी जुळली, की मगच सही करा.