लोणारच्या वयाचे दोन आकडे

चि. भाचीस,


तुझं पत्र मिळालं. कॉलेजच्या फील्ड ट्रिपला लोणार पाहून आल्यापासून तू अस्वस्थ आहेस. आजीनं सांगितलेल्या लवणासुराच्या गोष्टीतलं तळं आता फील्डबुकात 'बेसाल्ट, ब्रेक्सिया, पीएच' एवढंच उरलं, आणि त्यावर सर म्हणतात की विवराचं वयसुद्धा अजून नक्की ठरलेलं नाही. गोष्ट हातची गेली, उत्तरही मिळालं नाही. मग शिकून जग उजळतं की आणखी गूढ होतं, असं तू विचारतेस. इतकी वर्षं भूशास्त्र शिकवल्यावर या प्रश्नाचं उत्तर तुला नीट देणं मी माझं कर्तव्य समजतो.

गूढ म्हणजे काय, हे आधी लोणारवरच पाहू. 1823 मध्ये जे. ई. अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्यानं या विवराची नोंद केली. सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाचा गोल खड्डा, काठापासून तळापर्यंत दीडशेएक मीटर खोल, आत खारं पाणी. पुढे शतकाहून अधिक काळ बहुतेक जाणकार त्याला ज्वालामुखीचं विवर मानत होते, आणि त्यात वावगं काही नव्हतं. चारी दिशांना लाव्हाचाच कातळ पसरलेला. त्यातला गोल खड्डा दुसरा कशाचा असणार? ज्याला एवढंच ठाऊक होतं त्याला लोणारमध्ये कोडं असं काही दिसतच नव्हतं.

कोडं दिसू लागलं ते दख्खनच्या लाव्हाचं ज्ञान वाढलं तेव्हा. हा लाव्हा सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा. एवढ्या काळात ऊन-पावसानं डोंगर झिजतात, घाट कोरले जातात. आणि लोणारचा काठ मात्र अजून आजूबाजूच्या जमिनीच्या वर उठून उभा आहे. म्हणजे खड्डा त्या मानानं अगदी अलीकडचा. मग सगळा लाव्हा थंड होऊन कोट्यवधी वर्षं लोटल्यावर एकट्या लोणारलाच स्फोट कसा झाला? हा प्रश्न अडाण्याला पडत नाही. लाव्हाचं वय आणि झिजेचा वेग ज्याला माहीत आहे, त्यालाच तो पडतो. तेव्हा ज्ञानानं गूढ वाढतं, या तुझ्या म्हणण्यात तथ्य आहे. पण पुढचं ऐक.

अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोनात असाच एक गोल खड्डा आहे. ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट हा फार काळजीपूर्वक काम करणारा भूवैज्ञानिक. त्यानं तो खड्डा तपासला, अशनी पडल्याची शक्यता मोजमापं घेऊन पारखली आणि अखेर जमिनीखालच्या वाफेचा स्फोट असा निष्कर्ष काढला. त्याची पद्धत चोख होती, पण हाती हवा तो पुरावा नव्हता. तो पुरावा 1960 मध्ये मिळाला: अ‍ॅरिझोनाच्या वालुकाश्मात कोएसाइट सापडलं, म्हणजे प्रचंड दाबाखाली क्वार्ट्‌झचं होणारं रूप. आता आघाताची खूण हाती आली. पण लोणारला ती लागू करायला गेलं की अडचण अशी की आपल्या बेसाल्टमध्ये क्वार्ट्‌झ जवळपास नाहीच. दुसरी खूण शोधणं भाग होतं. 1964 मध्ये लाफाँड आणि डिएट्झ यांनी लोणारवर निबंध लिहिला, त्याचं शीर्षकच प्रश्नचिन्हानं संपतं: भारतातलं लोणार, अशनीविवर? ते प्रश्नचिन्ह मला फार आवडतं. त्यांना शंका होती आणि तेवढीच त्यांनी लिहिली.

मग तळ्याच्या तळाखाली बोअर घेतले गेले. वर आले ते भरडून निघालेल्या बेसाल्टचे तुकडे, आणि त्यांत मॅस्केलिनाइट. आपल्या कातळात प्लॅजिओक्लेज फेल्डस्पार भरपूर असतं. त्याच्यावर हवेच्या दाबाच्या काही लाख पट दाबाचा तडाखा बसला, तर ते न वितळता, आपला मूळ आकार राखून, काच होऊन जातं. कोणताही ज्वालामुखी असा दाब निर्माण करू शकत नाही. 1973 मध्ये 'सायन्स' नियतकालिकात फ्रेड्रिक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा निबंध आला. लोणार हे बेसाल्टमधलं आघातविवर आहे, असं तो सरळ विधानाच्या स्वरात सांगतो. सहकाऱ्यांत भारतीय भूवैज्ञानिकही होते. एका प्रश्नाचा निकाल लागला, आणि तो आजवर कुणी फिरवलेला नाही. ज्ञानानं काही उजळत नाही असं कुणी म्हणालं, तर त्याला 1964 ते 1973 ही नऊ वर्षं दाखव.

आणि मॅस्केलिनाइट पहिल्यांदा कुठे ओळखलं गेलं, माहीत आहे? 1865 मध्ये बिहारमधल्या शेरघाटीजवळ एक अशनी पडला. त्याचा तुकडा व्हिएन्नात खनिजशास्त्रज्ञ चेरमाकनं तपासला आणि 1872 मध्ये त्यातल्या या काचेचं वर्णन केलं. शेरघाटीचा दगड आला कुठून, हे मात्र त्यानंतर शंभरहून अधिक वर्षांनी उमगलं. त्याच्याच जातीच्या एका अशनीच्या काचेत अडकलेला वायू तपासला, तर तो मंगळाच्या वातावरणाशी जुळला. म्हणजे मंगळावरच्या बेसाल्टवर काहीतरी आदळलं, त्यात फेल्डस्पारची काच झाली, दगड अवकाशात भिरकावला गेला आणि अखेर बिहारच्या मातीत येऊन पडला. बुलढाण्यातल्या लोणारच्या खड्ड्यात जे घडलं, तेच मंगळावरही घडलं होतं. पृथ्वीवर बेसाल्टमधली आघातविवरं बोटांवर मोजण्याइतकी आहेत, म्हणून चंद्र आणि मंगळाचे अभ्यासक लोणारला येतात. तुझ्या फील्डबुकातला 'बेसाल्ट' हा शब्द एवढा लांबवर पोचतो. आजीच्या गोष्टीनं तुला लोणारपाशी नेलं, ते तिचं ऋण कायम मान. पण मंगळापर्यंत नेलं ते मॅस्केलिनाइटनं.

आता वयाकडे येतो, कारण तुझी खरी ठेच तिथे लागली आहे. 1997 साली थर्मोल्युमिनेसन्सनं लोणारचं वय सुमारे 52 हजार वर्षं निघालं. 2011 मध्ये आर्गॉन-आर्गॉन पद्धतीनं ते सुमारे 5 लाख 70 हजार वर्षं निघालं. तफावत जवळजवळ अकरा पट. हे वाचून तू लिहितेस, "मग त्यांना तरी काय कळलंय?"

तापाचा रोगी समोर असताना एक माणूस म्हणतो, "काय झालंय कुणास ठाऊक", दुसरा म्हणतो, "मलेरिया किंवा टायफॉइड, अमुक तपासणीत कळेल." निदान दोघांकडेही नाही, तरी रोगी कुणाच्या हाती सोपवायचा हे तुला सांगावं लागणार नाही. लोणारचंही तसंच आहे. पहिली पद्धत शेवटच्या तापण्यानंतर खनिजात साठत गेलेली ऊर्जा मोजते. ती वाटेत गळाली किंवा साठण्याची मर्यादा गाठली गेली, तर वय खऱ्यापेक्षा कमी दिसतं. दुसरी पद्धत पोटॅशियमपासून तयार झालेला आर्गॉन मोजते. आघातात वितळलेल्या दगडातून 6.6 कोटी वर्षांचा जुना आर्गॉन पुरता निसटला नसेल, तर वय खऱ्यापेक्षा जास्त दिसतं. बघ, दोन्ही पद्धती कुठल्या बाजूला चुकू शकतात हेसुद्धा आपल्याला सांगता येतं. आणि दोन्ही एकमुखानं सांगतात की हा खड्डा कोट्यवधी वर्षांचा नाही आणि हजार-दोन हजार वर्षांचाही नाही. आपल्या अज्ञानाला कुंपण पडलेलं आहे. याला मी अंधार म्हणणार नाही.

2020 च्या जूनमध्ये तळं गुलाबी झालं, ते तुला आठवत असेल. फोनवर फोन येत होते, प्रत्येकाचा तर्क निराळा. नमुने पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत गेले आणि उत्तर आलं: खाऱ्या पाण्यात वाढणारे हॅलोआर्किया हे सूक्ष्मजीव. पाणी आटलं, क्षार वाढले, त्यांना अनुकूल परिस्थिती मिळाली आणि त्यांच्या रंगद्रव्यानं पाणी रंगलं. इथे उत्तर लवकर मिळालं. प्रत्येक वेळी असं होत नाही, एवढाच फरक.

दोन प्रकारच्या माणसांपासून तू सावध राहावंस असं मला मनापासून वाटतं. एक म्हणतात, शास्त्रज्ञांनाच वय माहीत नाही, मग कुठलीही गोष्ट तितकीच खरी. ते प्रामाणिक माणसाच्या कबुलीचा गैरफायदा घेतात. लोणारच्या दैत्यसूदनाच्या देवळाची शिल्पं डोळे भरून पाहा, कथा प्रेमानं ऐक. पण कथेला आपण चुकलो हे कळण्याची सोय नसते, ती सोय शास्त्रात आहे, आणि म्हणून वयाच्या बाबतीत दोन्ही एका पंक्तीत बसत नाहीत. दुसरे म्हणतात, लोणारचं सगळं कळून चुकलं, आता पाहायचं काय. असे लोक आपल्याच विषयात थोडे नाहीत. त्यांना विचार, जवळच्या अंबर तळ्याचा उगम कसा झाला? त्याच आघातात की वेगळाच? त्यावर अजून वाद आहे. हे दुसरे लोक मला जास्त घातक वाटतात, कारण पहिल्यांना शिकवता येतं.

तेव्हा जग स्पष्ट झालं की गूढ झालं, यातलं एक निवडण्याच्या भानगडीत पडू नकोस. दोन्ही होतं, पण दोन्ही एकाच जागी होत नाही. जे ठरलं ते ठरलं. त्याच्या पलीकडे नवे प्रश्न येतात, आणि ते आधीच्या प्रश्नांपेक्षा नेमके असतात. तुला आज जे हरवल्यासारखं वाटतंय, ते शब्द पाठ झाले पण वस्तू डोळ्यांनी पाहिली नाही म्हणून. त्यावर उपाय आहे. प्रयोगशाळेत लोणारच्या आघातित बेसाल्टचा थिन सेक्शन मागून घे. सूक्ष्मदर्शकात क्रॉस्ड निकोल्सखाली साध्या प्लॅजिओक्लेजचे काळे-पांढरे पट्टे तू ओळखतेस. मॅस्केलिनाइटचा दाणा शोध: आकार हुबेहूब प्लॅजिओक्लेजचा, पण स्टेज कितीही फिरव, तो काळाच राहतो. तो दाणा सापडेपर्यंत उठू नकोस.

आणि अहवाल लिहिताना शेवटी 'लोणारचे रहस्य अद्याप उलगडलेले नाही' असलं वाक्य टाकू नकोस. उगम आघाताचा, हे निःशंकपणे लिही. वयाच्या जागी दोन्ही आकडे लिही, प्रत्येकापुढे पद्धत लिही, आणि ती पद्धत कुठे चुकू शकते हे एकेका ओळीत लिही. सर सही करतील तेव्हा एक प्रत मला पाठव.

तुझा,
मामा