जुना एमसीबी : वय की क्षमता?

प्रश्न : निमोणे (ता. शिरूर) येथील घरातील एमसीबींचे (जादा प्रवाह येताच वीजपुरवठा आपोआप तोडणाऱ्या खटक्यांचे) उत्पादन बंद झाले आहे, तपासणीत हे एमसीबी बाद ठरतील काय?

उत्तर : उत्पादन बंद होणे हा स्वतःहून दोष नव्हे. एमसीबीत जादा भाराने तापून वाकणारी द्विधातू पट्टी आणि शॉर्टसर्किट होताच खटका पाडणारे विद्युतचुंबक असते. वर्षानुवर्षे न हललेला खटका धूळ व गंजाने अडकू शकत असल्याने तपासनिसाने प्रथम तो चालू-बंद करून पाहावा आणि टर्मिनलजवळ काळवंडलेले, वितळलेले प्लास्टिक आढळल्यास पुढील चाचणीची वाट न पाहता एमसीबीच बदलावा. मानकानुसार १६ अँपिअरचा एमसीबी २३.२ अँपिअरला तासाभरात पडलाच पाहिजे.

वयाइतकीच क्षमताही पाहावी. जुन्या एमसीबीची तोडक्षमता, म्हणजे सुरक्षितपणे खंडित करता येणारा कमाल शॉर्टसर्किट प्रवाह, रोहित्राजवळच्या घरात कमी पडू शकते. उलट लांब वाहिनीच्या टोकाच्या वस्तीवर हा प्रवाहच इतका क्षीण असतो की ‘सी’ प्रकारच्या १६ अँपिअर एमसीबीला तत्काळ पडण्यासाठी लागणारे ८० ते १६० अँपिअर मिळतीलच असे नाही, आणि ही बाजू बहुधा दुर्लक्षित राहते. शिवाय एमसीबी, नवा असला तरी, माणसाला बसणाऱ्या धक्क्यापासून वाचवत नाही. त्यासाठी गळती प्रवाह ओळखणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी स्वतंत्रपणे हवा.